घाटात संपणारे गाणे

मी, रतन सावळाराम देवकाते, वय ४६, महाविद्यालयात ग्रंथपाल, राहणार डाळज, ता. इंदापूर, जि. पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे, तर आपण होऊन लिहून ठेवते. येत्या सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. झडप बिघडली असली तरी बुद्धी जागेवर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वडिलांच्या पश्चात माझ्या नावे आलेली सव्वा एकर जमीन मी माझे बंधू मानसिंग यांना देते. बारा वर्षांपूर्वी त्यांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली, मी दिली नाही. "समद्यांच्या बहिणी सही करत्यात, पेढा खात्यात आन् घरी जात्यात. तूच कशी निराळी?" असे ते इंदापुरात कचेरीच्या पायरीवर लोकांदेखत म्हणाले, आणि पुढे दोन वर्षे भाऊबीजेला आले नाहीत. त्या नकारात माझे तत्त्व किती होते आणि राग किती, हे मला आजही सांगता येत नाही. हक्क माझा होता म्हणून ठेवला. माझा आहे म्हणूनच आता देते. पेढा नको.

२. डाळज येथील घर, बँकेतील ठेवी आणि आईची बोरमाळ मानसिंगची मुलगी, माझी भाची राजनंदिनी हिला. अट एकच. हमरस्त्याकडची पुढची खोली खताच्या दुकानाला भाड्याने देऊ नये. ती आजवर जशी दर रविवारी दुपारी चार वाजता उघडते, तशी उघडावी आणि येईल त्याला गाणी ऐकवावीत.

३. कॅसेट, सीडी, फोनमधली गाणी आणि एकवीस डायऱ्याही राजनंदिनीलाच. ही गाणी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची आहेत. ती आमच्याकडे कशी आली ते लिहून ठेवते. मी दहावीत असताना धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला आलेल्या एका परदेशी पाहुण्याला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरांच्या वाड्यावर दूध-भाकरी दिली. जाताना तो एक कॅसेट ठेवून गेला. वाजवायला यंत्र नव्हते. मानसिंग सायकलवरून भिगवणला जाऊन मित्राचा टेपरेकॉर्डर घेऊन आला. हे उपकार पहिल्या कलमात लिहायला हवे होते. त्या कॅसेटवर एक गायक गळा मोडून लांबलचक हाक घालतो. अण्णांनी मान वर केली. "ह्यो कुठला मेंढका? ह्याची मेंढरं लई लांब गेल्यात." इंग्रजीचे एक अक्षर न येणाऱ्या माणसाने गाणे असे ओळखले. त्यानंतर मी जे शिकले ते या एका वाक्यापुढे फारसे गेलेले नाही.

राजनंदिनी, नवीन माणूस आला की त्याला प्रसिद्ध गाणे लावू नकोस. आज हाताने काय काम केलेस ते विचार. उसात राबून आलेल्याला फिडल ऐकव, म्हणजे नाचासाठी वाजवतात ते व्हायोलिन. अंग मोकळे होते. आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी सरकवून वाजवतात ती गिटार ट्रकवाल्यांना आवडते. तिचा सूर रस्त्यासारखा लांबतो. बोलायला न येणाऱ्याला एकटा आवाज आणि साधी गिटार पुरे. बाया आल्या तर डोंगरातल्या जुन्या, वाद्यांशिवाय गायलेल्या कहाण्या लाव. बँजो ऐकवताना ते वाद्य आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांनी घडवले, हे सांगायला विसरू नकोस. मी आठ वर्षे विसरले होते. 'कंट्री' आणि 'अमेरिकाना' यांत फरक काय असे कोणी विचारेलच. मला पक्का माहीत नाही. दुसरे नाव मोठ्या ताटाचे आहे, त्यात डोंगरातली, चर्चमधली, काळ्या लोकांची, सगळीच गाणी वाढलेली असतात, एवढे सांग.

४. या कलमात मी एका खोट्याची व्यवस्था लावणार होते. शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या चंद्राबाई मारकड यांचे पती माऊली ट्रक चालवत. चौदा वर्षांपूर्वी ते अपघातात गेले. त्याच वर्षी चंद्राबाईंनी खोलीत येऊन विचारले, "डायवरचं गाणं हाय का तुमच्यात?" मी एक लावले. त्यात ट्रक घाटात उलटतो आणि चालक मरतो. अर्थ विचारल्यावर माझ्या तोंडून निघाले की तो पहाटे घरी पोचतो. तेव्हापासून दर रविवारी त्या 'पोचायचं गाणं' मागतात. राजनंदिनीने हेच पुढे चालवावे, असे मी लिहिले होते. पण खोटे वारशाने देता येते का? तीन दिवस डायरीत लिहून खोडत राहिले. शेवटी काल दुपारी टपरीवर जाऊन खरे सांगितले.

दूध उतू गेले. त्यांनी गॅस बंद केला.

"म्हंजी त्यो पोचतच न्हाय?"

"नाही."

"आन् तुमी चौदा वर्सं त्याला घरी आणत व्हता. एवढी बुकं वाचून माझ्या रडन्याचं भ्या वाटलं व्हय, रतनताई?"

"वाटले. चुकले माझे."

"घरच्या बाईचं काय हाय त्यात?"

"काही नाही. गाणे घाटातच संपते."

"मग ऱ्हाऊ द्या. तितनं फुडचं मला ठावं हाय."

सांडलेले दूध पुसले आणि म्हणाल्या, "लावा आता. खरं म्हनून ऐकते." फोनवर लावले. गिऱ्हाईक ताटकळत होते, तरी शेवटपर्यंत ऐकले.

म्हणून हे कलम असे बदलते: आधी गाणे ऐकू द्यावे. अर्थ विचारला तरच सांगावा, आणि आहे तोच सांगावा.

५. खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. यात मोठा स्पीकर चंद्राबाईंना दिला होता. आज त्यांना सर्व वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "साक्षीदार म्या व्हनार." वकील समर्थ काळे यांनी समजावले, "मावशी, ज्याला काही मिळतंय त्यानं साक्षीदार नसावं. उद्या शंका निघते."

"मग माझं काढा तितनं. भोंगा कुनाला बी द्या."

मी कारण विचारले.

"ह्या कागदात माझ्या मालकांचं नाव हाय. बरूबर लिवलंय म्हनून कुनीतरी सांगाया नगं?"

वकील स्वच्छ प्रत काढू म्हणाले. मी नको म्हटले. स्पीकर राजनंदिनीकडे राहील.

अण्णांची, मानसिंगची, नाव न विचारलेल्या त्या पाहुण्याची आणि चंद्राबाईंची मी ऋणी आहे. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर खाली सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: रतन सावळाराम देवकाते (सही)

साक्षीदार:
१. चंद्राबाई माऊली मारकड, रा. डाळज (सही, अंगठा चालेल म्हटले असता त्यांनी नकार दिला आणि पतीच्या नावासह पूर्ण नाव स्वतः लिहिले)
२. अॅड. समर्थ काळे, रा. इंदापूर (सही)

स्थळ: इंदापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५