आजोबा, जावई आणि फकीर

३ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. दार लावून घ्या म्हणाले. काम एवढंच – आपले कॉम्प्युटरवरचे वाचेचे धडे यापुढे कशात लिहायचे ते एकदाचं ठरवायचंय. तीन तंत्रं तपासायची, दीड महिन्यात अहवाल द्यायचा. एक निवडायचं, बाकीची दोन बंद.

म्हणजे इतकी वर्षं जुन्या तंत्रात धडे करणाऱ्या अण्णांचं काम बंद होऊ शकतं. हे साहेब बोलले नाहीत. मी मान हलवली आणि बाहेर आले.

४ फेब्रुवारी

तिघांना ऑफिसात नावं पडलीच आहेत. आजोबा म्हणजे जुनं प्लगइन – ब्राउझरमध्ये वेगळं बसवावं लागतं, पण अकरा वर्षं आमचा सगळा संसार त्याच्याच जिवावर. जावई म्हणजे मोठ्या कंपनीचं नवं प्लगइन – देखणं, पण मागण्या संपत नाहीत. हे आधी बसवा, ते अपडेट करा, कॉम्प्युटर नवा घ्या! आणि फकीर – काहीच बसवायचं नाही, ब्राउझरला मुळात जे कळतं त्यातच लिहायचं. पण त्याच्या झोळीत अजून काही नाही. हालचाल धड नाही, आवाज धड नाही.

१० फेब्रुवारी

अर्धांगवायूनंतर वाचा गेलेली माणसं आमचे धडे वापरतात. पडद्यावर एक तोंड हलतं, माणूस त्याच्याबरोबर ओठ हलवतो, बोलून बघतो. ते तोंड अण्णांचं. आरशासमोर बसून त्यांनी एकेका अक्षराचे ओठ काढले आहेत. मी इथे आले तेव्हा मला पडद्यावर साधा चेंडू सरकवता येत नव्हता. सगळं त्यांनीच शिकवलं.

आज चहाच्या वेळी विचारलं त्यांनी, सध्या कशात अडकली आहेस? म्हटलं, किरकोळ काम आहे. तोंडावर खोटं बोलले.

१७ फेब्रुवारी

जावयाची माणसं आली होती. पडद्यावर नुसता झगमगाट. साहेब खूश, बाकीचेही खूश.

अण्णा मागच्या रांगेत होते. एकच प्रश्न विचारला – 'प' म्हणताना ओठ किती वेळ मिटलेले दाखवता येतील? पाहुण्यांना प्रश्नच कळला नाही. मी वहीत बघत बसले.

२५ फेब्रुवारी

उपचार केंद्रात रुग्णांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा फोन – धडा उघडत नाही, येऊन बघून जा. गेले.

पेशंट बसचे ड्रायव्हर. पन्नाशीचे असतील. बावीस वर्षं गाडी चालवली, आता तीन महिने एकच शब्द येतो – 'हो'. घरी सराव करता यावा म्हणून मुलीने टॅब्लेट घेऊन दिलाय. त्यावर आमचा धडा उघडला तर नुसता करडा चौकोन. जावयाचा नमुना उघडून पाहिला, तोच चौकोन. असली यंत्रं प्लगइनला दारातही उभं करत नाहीत.

त्यांनी डाव्या हाताने चौकोनावर चार-पाच वेळा टिचकी मारली. मग टॅब्लेट उलटा करून मागे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जणू त्यांनीच मोडला.

म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही, काका. आमचं चुकलंय."

"हो," म्हणाले. ते सगळ्यालाच हो म्हणतात. तरी लागलं.

२ मार्च

दमले. बस्स.

११ मार्च

फकिरात एक धडा लिहिला. नऊ दिवस गेले! अण्णांनी एका दुपारी हातावेगळा केला असता. तोंड झटके देत हलतं, खालचा ओठ मध्येच पळतो. पण करडा चौकोन नाही.

केंद्रात नेला. ड्रायव्हरकाकांनी टॅब्लेट जवळ ओढला. मग ओठ मिटले. "पा." परत मिटले. "पा… णी." बायको पाणी आणायला धावली. त्यांना तहान नव्हतीच. पेला हातात धरून हसत राहिले, अर्ध्या तोंडाने.

घरी आले तर नवऱ्याने विचारलं, काय झालं? सांगितलं आणि रडले. जमलं ना, मग रडतेस कशाला, म्हणाला. जमलं म्हणूनच. आता अण्णांसाठी खोटं लिहायलाही जागा उरली नाही.

१९ मार्च

अहवाल दिला. फकीर. अडीच पानं, पण खरं सांगायचं ते एका ओळीत होतं – ज्यांच्यासाठी लिहितो त्यांच्या हातात उघडलं पाहिजे.

२७ मार्च

साहेबांनी मान्य केलं. जावयाला नकार, आजोबा बंद. अण्णांना महिनाअखेरीस निरोप.

सरळ त्यांच्या टेबलाशी गेले. ते खण आवरत होते. म्हटलं, "अण्णा, तो अहवाल मी लिहिला."

"नीट लिहिलास?"

"हो."

"मग झालं."

तुझ्या धड्यातलं तोंड दाखव म्हणाले. तीनदा बघितलं. मिटलेले ओठ आणखी थोडे थांबव, माणसाला सावरायला वेळ लागतो, एवढंच बोलले. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

३१ मार्च

अण्णा गेले. निरोपाचं भाषण नको म्हणाले. एक पिशवी, एक छत्री. मी जिन्यापर्यंत गेले. ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांच्याच पायाखालची सतरंजी ओढली मी.

२ एप्रिल

अण्णांच्या फाइली माझ्याकडे आल्या. त्यात एका अहवालाची प्रत. अण्णांनी साहेबांना लिहिलेला, गेल्या ऑगस्टातला. तीच तीन तंत्रं. शिफारस – फकीर.

खाली दोन ओळी. "माझ्याच्याने आता नव्याने शिकणं होणार नाही, काम तिच्याकडे द्या. मात्र हा कागद तिला दाखवू नका, तिचं तिला ठरवू द्या."