मुंगसाला धनी नाही

८ सप्टेंबर १९८३, गुरुवार

मुलांचे मासिक दोन दिवस उशिरा. पोळ्यामुळे टपाल तुंबले म्हणे. पोळा बैलांचा, सुट्टी पोस्टाची.

दु. ३ ला वाचनालयात अकरा जणी. 'बिनधनी मुंगूस'ची सहा पाने मोठ्याने वाचली, चित्रे हातोहात फिरली. नऊ वर्षे चालली आहे ही चित्रकथा. त्यातली सहा मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून या बायकांना वाचून दाखवते आहे. अंक महिन्याला एक. उरलेले तीन गुरुवार त्यावर भांडण्यात जातात. (यापुढे नुसते मु. दर वेळी अख्खे मुंगूस लिहायला वेळ नाही.)

या खेपेस जपानातल्या कुठल्याशा नदीच्या काठी बगळा सरदार मु.ला म्हणतो, माझी चाकरी धर. सालाचा तांदूळ, राहायला घर, अंगरख्यावर माझे चिन्ह. मु.चा हात तलवारीवर. तोंडात शब्द नाही. पान संपले.

बायकांच्या तोंडात मात्र भरपूर. हातमागवाल्यांची कौसल्या सर्वांत आधी. "दाने देऊन राहिला म्हून काय कोनालेबी धनी करून घ्याचं काय? नऊ वर्सं एकटी हिंडली ते बिचारी."

एकटी. बिचारी. मी पुस्तक मिटले.

१५ सप्टेंबर, गुरुवार

आज गोपाळराव दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. वाचनालयाचे सचिव, राईस मिलचे मालक. पुस्तक हातात धरलेले मी त्यांना कधी पाहिलेले नाही. ऐकून पोट धरून हसले. "अवो बाई, सामुराई आहे ते. लढणारा गडी. मुंगूस बाई कवापासून झालं?"

कौसल्या: "पयल्यापासून."

आता लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे मी स्वतःशी खोटे बोलणार नाही. पुण्याच्या मासिकवाल्यांनी बिनमालकाच्या सामुराईला 'बिनधनी' असा शब्द घडवला. त्यांच्या मनात धनी म्हणजे मालक. इकडे धनी म्हणजे नवरा, दुसरे काही आधी डोक्यात येतच नाही. शिवाय मुंगूस नपुंसकलिंगी. ते आले, ते गेले. आणि इकडे घरोघर पोरीबाळींना, बायकांना 'ते' म्हणतातच. यावर कळस म्हणजे, चित्रातल्या फुग्यात मु. म्हणते, 'मी जातो', 'मी लढतो'. इकडची प्रत्येक बाई स्वतःविषयी असेच बोलते. मी येतो, मी भात मांडतो. पुण्याच्या माणसाला त्यात पुरुष ऐकू आला असेल, लाखनीच्या बाईला त्यात शेजारीण ऐकू आली.

मी नागपूरहून बी.ए. झालेली. मला पहिल्या दिवसापासून कळत होते. एकदा फुग्यात 'मी आलो' आले. तेवढे मात्र इकडची बाईही म्हणत नाही. मी खोकले आणि पान उलटले. पुढे सवयच झाली.

मी इथे नपुंसकलिंगच लिहीन. व्याकरण ते व्याकरण.

२२ सप्टेंबर, गुरुवार

वाद: मिशा. गोपाळरावांच्या बोलण्याने एक-दोघी डळमळल्या आहेत. मु.ला मिशा आहेत, मग बाई कशी? कौसल्येने विचारले, तुमच्या घरच्या मांजरीला नाहीत काय. मग वाद चहाच्या टपरीवाल्या कोल्हिणीकडे वळला. ती मु.ला नेहमी उधारीवर खाऊ घालते, ती मैत्रीण की चहाडखोर? मत चहाडखोरीकडे झुकले. अस्वल पैलवान सर्वांना आवडतो. म्हाताऱ्या कासवगुरूचा सर्वांना कंटाळा. फार उपदेश करतो. (मी पाहिले, दोघींनी माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला.)

पुष्पा एकटी बोलत नाही. माझ्या डाव्या हाताला बसते, उजवा कान माझ्याकडे. डावा कान नवऱ्याने घालवला. दोन वर्षांपूर्वी सासरहून, कोंढ्याहून, मार खाऊन भावाकडे आली, तेव्हापासूनचे हे आसन. दुसरी कुणी त्या जागी बसत नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

नवा अंक. मु.ने सरदाराकडे मुदत मागितली. "बर्फ पडेपर्यंत विचार करतो." बस, सहा पाने आणि एवढेच. बायका चिडल्या. बर्फ म्हणजे किती दिवस, हे कुणालाच सांगता येईना. मीही भूगोल शिकवला नाही, इतिहास शिकवला. शेवटी ठरले: धान कापणीपर्यंत.

१० ऑक्टोबर, सोमवार

कौसल्येने येऊन सांगितले, तसे लिहिते. पुष्पाचा नवरा दोन वडीलधाऱ्यांना घेऊन न्यायला आला होता. भावाने चहा केला, पाहुण्यांना बसवले. सगळे ठरल्यात जमा. पुष्पा उंबऱ्यावर आली आणि म्हणाली, "मले धनी नाही. मी बिनधनी."

एक वडीलधारा म्हणाला, अशानं गावात कशी राहशील? ती म्हणाली, "तलवारीनं."

तिच्याकडे तलवार नाही. विळा तरी होता की नाही कोण जाणे. पण पाहुणे उठले.

दुपारभर आवराआवर केली. आवरायला काही नव्हते.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

गोपाळरावांनी मिलवर बोलावले. गेले नाही. मग तेच आले. शांतपणे बोलले, तेच जास्त लागले. लोकांच्या लेकी घर मोडायच्या गोष्टी वाचनालयात शिकतात, उद्या कमिटीला जाब द्यावा लागेल. पोरांच्या मासिकातल्या एका जनावरावरून. "तुमचं ठीक आहे बाई. तुमाले कोन विचारते? त्या पोरीले सारा जनम काढाचा आहे."

मला कोण विचारते. बरोबर. लग्न केले नाही, त्यामुळे चौतीस वर्षे मलाच विचारून सगळे करते आहे.

म्हटले, घर तिच्या नवऱ्याने मोडले, तिच्या कानासकट. मुंगूस तेव्हा जपानात होते.

त्यांनी ठरवले आहे: मासिकाच्या संपादकांना लिहायचे. ते जनावर नर की मादी, लेखी उत्तर मागवायचे. उत्तर येईपर्यंत गुरुवार चालू द्यायचा. उत्तर आले की बायकांना मीच वाचून दाखवायचे.

हो म्हटले. खोटे मी वाचत नाही. (पाने उलटते, ते वेगळे.)

२७ ऑक्टोबर, गुरुवार

सात जणी. हलक्या धानाची कापणी लागली. पुष्पा आली. बाजारातून येताना कुणी तरी मागून "बिनधनी, वो बिनधनी" करून हाका मारल्या म्हणाली. मी विचारले, मग? ती म्हणाली, "मंग काय? डाव्या बाजूनं मारल्या. मले आयकू येत नाही."

मला हसू आवरले नाही. मला हसताना पाहून बाकीच्या घाबरल्या.

९ नोव्हेंबर, बुधवार

उत्तर आले. पोस्टकार्ड. गोपाळरावांनी आपल्या हाताने आणून दिले, उन्हात चालत, गाडी असताना. उतरवून घेते:

'आपल्या भगिनी वाचकांच्या कल्पनाशक्तीचे कौतुक वाटले. तथापि मुंगूस हा पुरुषच आहे. तलवार धारण करणाऱ्या सामुराईची भूमिका स्त्रीकडे देण्याचा आमचा कधीही विचार नव्हता व नाही.'

'मुंगूस हा'. संपादकाला लिंगविचार येत नाही. आठवीत नापास केले असते.

१० नोव्हेंबर, गुरुवार

वाचले. उभे राहून, एकही शब्द न गाळता, न खोकता. मग म्हटले, हे मला सहा वर्षांपासून ठाऊक होते आणि मी तुम्हाला सांगितले नाही. चूक माझी.

 बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. कौसल्या पहिल्यांदाच गप्प. मग पुष्पा म्हणाली, "मले मालूम होतं, बाई."

कसे, विचारले.

"मी तुमच्या बाजूले बसतो. पान तं दिसते ना मले. तुमी खोकलल्या का मी वाचून घेत जावो."

मग त्या दिवशी उंबऱ्यावर तसे का म्हणालीस?

"बाप्या असला तं असू द्या. धनी तं नाही ना त्याले."

यावर कौसल्येला कंठ फुटला. पुण्यात बसून चित्र काढणाऱ्याला काय माहीत, म्हणाली. साडी विणतो आमचा मालक, पण कुठे टोचते ते नेसणारीला माहीत. ठराव झाला, हात वर करून: संपादक चूक. एक हात कमी पडला, तो माझा. व्याकरणामुळे. मग तोही वर केला.

१४ नोव्हेंबर, सोमवार

गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. पाळणे, ऊस, धूळ. दंडारीच्या नाचात गोपाळरावांचा पुतण्या यंदाही नायिका. लुगडे, खोपा, नाकात नथ. बरा नाचतो. गोपाळराव पहिल्या रांगेत, टाळ्या वाजवून हात लाल.

मी जवळ जाऊन विचारले, ही बाई आहे की गडी? म्हणाले, काय बाई, तुमी पण, सोंग आहे ते. म्हटले, ते कुणी ठरवले? म्हणाले, पाहणाऱ्यानं.

पाहणाऱ्याने. त्यांच्याच तोंडून. मी नमस्कार केला आणि ऊस घेऊन घरी आले. त्यांना घरी पोचेपर्यंत कळले असावे.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

कळले. वाचनालयाला नवे कुलूप. चिठ्ठी: 'महिला वाचन पुढील आदेशापर्यंत बंद. बालमासिक बंद करण्यात येत आहे.' खाली गोपाळरावांची सही. 'महिला'तला 'हि' दीर्घ काढला आहे.

जुनी किल्ली माझ्या कमरेला तशीच. काढणार नाही.

बाहेरच्या ओट्यावर बसलो. हायवे समोर. ट्रक गेला की थांबायचे, पुन्हा वाचायचे. वाचायला जुने अंक होते, माझ्या घरचे. पुष्पाचा उजवा कान रस्त्याकडे यायला लागला, म्हणून मी जागा बदलली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या उजव्या हाताला, रस्त्याला पाठ करून, म्हणजे चांगला कान माझ्याकडे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

मासिकाची वर्गणी स्वतः पाठवली. छापील अर्जावर 'नाव', आणि खाली 'पतीचे अथवा वडिलांचे नाव'. वरच्या ओळीत लिहिले: बिनधनी वाचक मंडळ. खालच्या ओळीत रेघ मारली. रेघ पट्टीने मारली.

१ डिसेंबर, गुरुवार

ओट्यावर नऊ जणी. दोन नव्या, एक म्हणाली, येता-जाता रस्त्यावरून दिसते, म्हणून आली. खोलीत होतो तेव्हा कुणाला दिसत नव्हतो. गोपाळराव गाडीतून गेले. काच खाली नव्हती, पण वेग कमी झाला.

कापणी उरकत आली. आमच्या हिशेबाने बर्फ पडला. नोव्हेंबरच्या अंकात मु. नुसते वाट चालत राहिले; उत्तर या अंकात यायला हवे. अंक नाही आला.

पुष्पा म्हणाली, रविवारी कोंढ्याला बैठक आहे, ११ तारखेला. दोन्हीकडची माणसे. भाऊ नेतो आहे. "समजावून सांगतील" म्हणतो. जायला नकार दिला तर भावाचा उंबरा सुटेल. मी म्हटले, माझ्या घरी दोन खोल्या आहेत. ती म्हणाली, "मालूम आहे. पण मले तिथं जाऊनच नाही म्हणाचं आहे. पळून नाही."

८ डिसेंबर, गुरुवार

सव्वातीनला पोस्टमन सायकल टेकवून ओट्यासमोर उभा. हातात वेष्टन. मोठ्याने विचारले, "बिनधनी कोन आहे इथं?"

बाजार भरलेला. पानठेल्यावरची चार डोकी वळली. समोर टायरच्या दुकानात हवा भरणे थांबले. मी चष्मा पुसत होते. पुष्पा उठली, हात पुढे केला.

"आन इकडं."

वेष्टनावर टंकलिखित पत्ता: 'श्रीमती बिनधनी वाचक, मंडळ, लाखनी'. म्हणजे तिथल्या कारकुनाने बाई धरले, वाचक आडनाव आणि मंडळ मोहल्ला. संपादक लेखी देतात पुरुष, त्यांचेच कार्यालय लिहिते श्रीमती. कौसल्येने ते वेष्टन सगळ्यांना दाखवत ओट्यावरून एक फेरी काढली. पोस्टमनलाही दाखवले. त्यानेच आणले होते.

मी फोडायला हात पुढे केला. पुष्पाने दिले नाही.

"हे मी घेऊन जातो, बाई. कोंढ्याले. गुरुवारी घेऊन येतो. फोडाचं नाही कोनी, मी बी नाही."

बायका कुरकुरल्या. तीन महिने थांबलेल्या, आणि आता उत्तर समोर असताना. मी म्हटले, ने. 

पिशवीत तळाशी ठेवले, वरून धुतलेले लुगडे. उजव्या हाताला बसून जुना अंक पूर्ण ऐकला, मग गेली.

संध्याकाळ. सहा पाने कोंढ्याला जातील, न फोडता. सरदाराने घर देऊ केले आहे, तांदूळ देऊ केला आहे, बर्फही पडला. तिने काय उत्तर दिले, मला माहीत नाही. पुढच्या गुरुवारी दु. ३ ला ओट्यावर मी उजवीकडची जागा मोकळी ठेवून बसणार आहे.