सहावं तापमान

सोमवार, ३ जून
नवं गाव, नवी नोकरी. बऱ्याच दिवसांनी मन हलकं आहे. घर लहान, पण स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. सहा वर्षांची लेक खूश आहे. तिला सांभाळायला ताई आमच्यासोबत आली आहे. माझं काम औषधांच्या शीतगृहात, संगणकांची देखभाल. मॅनेजर गमतीशीर वाटले. म्हणाले, इथे लशी गरम झाल्या की आपण गार.

मंगळवार, ४ जून
पाच थंड खोल्यांचं तापमान नोंदवणारी सर्व्हिस बसवतोय. हा पडद्यामागे चालणारा प्रोग्राम. त्याची खिडकी उघडत नाही, समोर कुणी नसलं तरी तो चालू राहतो. बसली, पण सुरू होईना. चार वेळा काढून पुन्हा बसवली. दर वेळी एकच एरर : लॉगऑन अयशस्वी. सर्व्हिसला कुणाच्या तरी खात्यावर चालावं लागतं आणि इथलं जुनं खातं बंद केलेलं आहे.

बुधवार, ५ जून
नवं खातं उघडलं. नावाच्या रकान्यात हातून बायकोचं नाव टाइप झालं. तिला जाऊन पाच महिने झाले. बदलायला हवं होतं, बदलवलं नाही. सर्व्हिस पहिल्या झटक्यात सुरू झाली. मॅनेजरांनी विचारलं, काय जादू केलीत? सेटिंग चुकलं होतं म्हणालो.

गुरुवार, ६ जून
नोंदींच्या फाइलीत पाच खोल्यांखाली सहावी ओळ आली आहे. ‘भिंगरी : ३६.८’. निरोगी माणसाच्या अंगाचं असतं तेवढं तापमान. भिंगरी म्हणजे आमची लेक. या नावाने तिला फक्त तिची आई हाक मारायची. हे मीच कुठे लिहून ठेवलं असेल का? आठवत नाही.

शुक्रवार, ७ जून
सकाळी ३५.१. सर्व्हिस थांबवायला गेलो. सूचना आली : ही थांबवल्यास पुढीलही थांबेल : भिंगरी. तरी ‘होय’ दाबलं.
लगेच ताईचा फोन. ओरडत होती. पोरगी जेवताना बोलता बोलता मध्येच थांबलीय, चमचा हातात, डोळे उघडे, श्वास नाही. मी सर्व्हिस सुरू केली. फोनवर ऐकू आलं, लेकीने अर्धवट वाक्य पुरं केलं.

शनिवार
३३.९. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, पांघरूण घाला. ताई मला फाडफाड बोलली, यंत्राला ताप आला की धावतोस, इथे पोर बर्फ झालीय. लेक म्हणते, आईने हात धरलाय. गार आहे, पण सोडत नाही.

रविवार
३१.४. चालू ठेवली तर गार होते. थांबवली तर —
बायकोच्या नावाचं खातं बदलून पाहतोय. सर्व्हिस दुसरं कुठलंच नाव घेत नाही. मॅनेजरांचं नाही. संगणकाचं स्वतःचंही नाही.

सोमवार
२९.८.
माझं नाव घेतलं. बदल लागू व्हायला सर्व्हिस एकदा थांबवून सुरू करावी लागेल. दोन-तीन सेकंद. ताईला फोनवर सांगितलं, तिला उराशी घट्ट धर —
थांबवली.
ताई रडतेय.
सुरू होतेय... होतेय... झाली.
भिंगरी ३१. ३३. ३६. ताई म्हणते घाम आला, पाणी मागतेय, हसली —
सहाव्या ओळीत आता माझं नाव. ३५. ३२.
कुणीतरी हात धरलाय. पेन नीट —