ताईच्या लुगड्याचा पदर

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या एका उत्तराने बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. ताईचं लग्न ठरलं होतं आणि तिचं लुगडं आपल्याच मागावर विणायचं होतं. मी चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. समतोल, लय, प्रमाण हे शब्द नुकतेच कानावर पडलेले, आणि उथळ पाण्याला खळखळाट फार! तुम्ही पदर नेहमीसारखाच आखला होता. आईला जुनं लुगडं डोक्यावरून घ्यायला लावायचं आणि जिथे नजर पडेल तिथे कोळशाने खुणा करायच्या. तो कपडा मी जमिनीवर पसरला आणि हसले. सगळ्या कुयऱ्या एका काठाला, बाकी पदर भुंडा. "बाबा, याचा तोल गेला. मोठी कुयरी मधात पायजे, दोन्हीकडं सारख्या लहान," असं म्हणून मी तसं कागदावर काढूनही दिलं. तुम्ही बराच वेळ कागद पाहिलात. "असं आहे का वं?" एवढंच बोललात आणि तसंच विणलंत.

मांडवात ताई डोक्यावर पदर घेऊन उभी आहे. माझी मोठी कुयरी मानेपाशी चुण्यांत चेंगरलेली, चेहऱ्याभोवती नुसता कोरा कपडा. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "काहून गा दादा, पोरीच्याच लुगड्याले हात आखडला?" तुम्ही म्हणालात, "चुकलंच माझं." मी शेजारीच ताईच्या मुंडावळ्या सारख्या करत होते.

वरात गेल्यावर मी तुम्हाला गाठलं. "तुमाले दिसत होतं न? मंग काहून विणलं?"

"दिसत होतं वं. पण तू शिकून राहिली. मले वाटलं, माझाच डोळा जुना झाला."

मी हबकलेच. ज्या नजरेवर उमरेडचे विणकर भरवसा ठेवत, ती तुम्ही माझ्या चार महिन्यांच्या शिक्षणापुढे बाजूला ठेवलीत! त्यानंतर साधी बुट्टी घालायची तरी मला विचारायचात, "पोरी, हे बरोबर आहे का?" स्वतःहून एकही नक्षी पुन्हा काढली नाहीत. हे मी केलं, बाबा.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही. ताईला पोचू शकतं, ती इथे जवळच, प्रतापनगरात राहते. ते लुगडं ट्रंकेतून काढलं की ती अजून म्हणते, "बाबांचा हात तेव्हा थकला होता." आणि मी मान डोलावते.