डबा पलटनीची अब्रू आणि रस्त्याकडेची जागा

॥ दुर्गामाता प्रसन्न ॥

लिहून ठेवणार मी, मंगलाबाई, कै. परसराम लांजेवार यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, मॅट्रिक पास, काम घरचे, राहणार एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फी जास्त वाटली, पण वकीलसाहेब अडून बसले. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. या घरात मला सांगण्याची कोणाची टाप नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. एकोडीचे कौलारू घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा राजकुमार आणि मुलगी रेणू यांना निम्मे-निम्मे. पितळेचे गंज, परात आणि पाण्याचा गुंड सुनेला, म्हणजे रिताला. ते भंडाऱ्याला नेऊन मोडीत घालू नयेत. चिंच लावून घासताना हात भरून येतात हे मला ठाऊक आहे. मीही घासली.

कलम दोन. पोस्टातली ठेव रेणूला. तिने त्यातून नवरात्रात देवळाच्या दिव्याला तेल द्यावे, डब्यातले, सुटे नाही. माझ्या तेरवीला गावजेवण नको. वरण, भात, एक भाजी आणि गोडात शिरा. बुंदी केली की उरते आणि घरचेच आठवडाभर खात बसतात.

कलम तीन. हे पलटनीबद्दल आहे. मृत्युपत्रात पलटन कशाला, असे वकीलसाहेबांनी विचारले. पुढे जागेचा प्रश्न येतो, म्हणून.

यजमान प्रादेशिक सेनेत स्वयंसेवक होते. म्हणजे एरवी धानाची शेती, वर्षातून काही दिवस कवायत आणि लढाई लागली की बोलावणे. एकाहत्तरच्या डिसेंबरात त्यांची पायदळ पलटन पंजाबात एका रेल्वे पुलावर पहाऱ्याला होती. त्या पलटनीचे गावात दोन इतिहास चालतात, दोन्ही चुकीचे. खरा मी लिहिते. यजमानांकडून वेगळा ऐकला, त्यांच्यासोबत असलेल्या करडीच्या इश्वरभाऊंकडून वेगळा ऐकला, आणि महिनाअखेरच्या हिशेबासारखा दोन्ही बाजूंनी जुळवला.

दिवेलागणीला पुलाखालच्या उंच गवतात खसखस झाली. नियम असा, की आधी दरडावून ओळख विचारायची आणि उत्तर आले नाही तर गोळी. पण पहाऱ्यावर आमच्याकडची धानवाली माणसे. गवत हलले म्हणजे धानात डुकरे शिरली, हेच त्यांच्या अंगात मुरलेले. इश्वरभाऊंनी हातातली थाळी बडवली आणि मचाणावर बसल्यासारखे ओरडले, "हो हो होऽऽ." यजमानांनी जेवणाचा डबा बडवला. बघता बघता पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी कंपनी डबे वाजवू लागली. बंदुका खांद्यालाच राहिल्या. साहेब धावत आले आणि म्हणाले, "ये क्या, किसी की बारात है?"

सकाळी चिखलात डुकरांचे खूर सापडले. शिवाय तार कापायची एक पक्कड आणि एक बूट. बूट डुकराचा नव्हता. कोणाचा होता ते पुढे कोणी कळवले नाही. पूल शाबूत राहिला, त्यावरून फौजेच्या गाड्या गेल्या, आणि पलटनीने एकही गोळी झाडली नाही. शेजारच्या कायम फौजेने तिचे नाव डबा पलटन ठेवले.

माझे दीर बाबूलालभाऊजी यांनी त्यातली डुकरे आणि डबे तेवढे उचलले, बूट आणि पूल सोडून दिले. लग्न असो की पोळा, हातात ताट घेऊन वाजवायचे. "वहिनी, माहा भाऊ लढाईत डुकरं हाकलून आला, त्याले दोन पोळ्या जास्त वाढा." यजमान हसायचे आणि पोळ्या खायचे.

पुढे आम्ही वैष्णोदेवीला गेलो तेव्हा गाडी त्याच पुलावरून गेली. यजमानांनी मला हलवून उठवले आणि "हाच," एवढेच म्हणाले. पूल संपेपर्यंत ते चमच्याने डब्याच्या झाकणावर हळू वाजवत होते. समोरच्या बाईला वाटले यांना भूक लागली, तिने पुरी दिली. तीही त्यांनी खाल्ली.

कलम चार. रस्त्याकडेची पट्टी मी दूध विकून घेतली आहे. तिच्यावर राजकुमारला वडिलांच्या नावाची कमान उभारायची आहे. मजकूर त्याने नागपुरात छापूनही आणला: 'पाच शत्रूंना कंठस्नान घालणारे रणवीर परसराम लांजेवार.'

मी विचारले, "पाच कोठून आणले रे?"

"बूट सापडला ना आई. बूट हाये तं माणूस असनच. आन् असा एकटा माणूस येते का?"

"पाचही मेले, तं बाकीचे नऊ बूट कोठी गेले?"

तो हसला नाही. खाली बघून म्हणाला, "शाळेत पोट्टे डबे वाजवत माह्या मागं येत. काका वाजवे, म्हणून गाव वाजवे. बाबांले हसू ये. मले कधी आलं नाही."

हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी मी छापलेला कागद घडी करून त्याला परत दिला. आता लिहिते. पट्टी राजकुमारला द्यावी, पण कमानीवर एवढेच कोरावे: 'परसराम लांजेवार आणि त्यांची पलटन. सन १९७१. पूल राखला. गोळी झाडली नाही.' यात लाजण्यासारखे काय आहे ते मला कोणी दाखवावे. पाच शत्रू कोरले, तर पट्टी ग्रामपंचायतीला द्यावी. तिथे एस.टी.ची वाट पाहणाऱ्यांसाठी सावली करावी आणि त्यावर कोणाचेच नाव घालू नये.

कलम पाच. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, असे वकीलसाहेब म्हणतात. म्हणून बाबूलालभाऊजींना काहीही ठेवलेले नाही आणि त्यांना साक्षीदार केले आहे. कलम तीन वाचल्याशिवाय त्यांनी सही करू नये. जो माणूस हसला त्याचीच सही त्या कलमाखाली राजकुमारला दिसावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

राहिलेच. यजमानांचा गरम कोट इश्वरभाऊंना, त्यांना थंडी फार वाजते. यजमानांना एकाहत्तरच्या लढाईचे मिळालेले मेडल रेणूला. या सगळ्याची अंमलबजावणीही तिनेच करावी, तिला वेळेवर कामे करायची सवय आहे.

हे सर्व माझ्या हातचे आहे. खाडाखोड नाही, कारण आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे कच्चे लिहून पाहिले. देवीने मला बोलावले की हे उघडावे, त्याआधी नाही.

ठिकाण : एकोडी
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२४, कार्तिकी एकादशी

(सही) मंगलाबाई परसराम लांजेवार

आम्हा दोघांसमक्ष मंगलाबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १. (सही) शकुनबाई कापगते, शेजारीण

साक्षीदार २. (सही) बाबूलाल लांजेवार, दीर

कलम तीन वाचले. पलटनीचे लिहिले ते खरे आहे, बुटासकट. कलम चार वाचायला मले कोणी सांगितलं नव्हतं, तेही वाचलं. राजकुमार, आता येशील तं आधी माह्या घरी ये. — बा. लां.