बोटीच्या इंजिनातली हळद

मी, निवृत्ती धोंडीराम गांगुर्डे, वय ७४, धंदा इंजिन दुरुस्ती, राहणार मखमलाबाद रोड, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, असे डॉ. देवव्रत काळे यांनी तपासून लिहून दिले आहे. उजवा कान गेला तो इंजिनांपायी, त्याचा इथे संबंध नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल असे घरात एकच माणूस होते, माझी पत्नी यशोदा, आणि ती सहा वर्षांपूर्वी वारली. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात रागलोभ लिहू नयेत. मग कुठे लिहावेत?

१. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. वडिलांकडून मला फक्त रुंद पंजे मिळाले आणि त्यांवरच मी दोन मुले शिकवली.

२. राहते घर मुलगा दीपक याला द्यावे. तो बँकेत आहे, त्याची नखे स्वच्छ असतात, त्याबद्दल माझा काही राग नाही. मात्र दुकान विकून टाकू, असे तो तीन वेळा म्हणाला आहे. दुकानावर त्याचा हक्क राहणार नाही. बँकेतली शिल्लक दोघा मुलांनी निम्मी निम्मी घ्यावी.

३. मेहुणा गंगाधर याने माझा एकोणीस नंबरचा पाना नेला तो नेलाच. त्याला काही देऊ नये. तेराव्याला जेवायला मात्र घालावे.

४. दुकान, सर्व हत्यारे आणि हातपंप मुलगी छाया हिला द्यावेत. हा पंप मी सायकलचा पंप आणि जुने प्रेशर गेज जोडून केला आहे. बोटीच्या पोटातल्या इंजिनाला दोन प्रकारचे पाणी लागते. एक आतले, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचे, दुसरे धरणातून ओढलेले. दोन्ही हीट एक्स्चेंजरमध्ये बारीक नळ्यांच्या आतून-बाहेरून शेजारी शेजारी वाहतात. त्यातली एक नळी चिरली की कूलंट बाहेरच्या पाण्यात मिसळून धुरांड्यावाटे धरणात जाते आणि खाली थेंबही दिसत नाही. अडाणी मेकॅनिक मग पाइप बदलत बसतो. मी इंजिन गार होऊ देतो, झाकणाच्या जागी पंप लावतो, दाब भरतो आणि चहा मागवतो. चहा संपेपर्यंत काटा हलला नाही तर इंजिन धड. हलला तर सांध्यांवर पावडर भुरभुरायची, जिथे ओली होईल तिथे गळती. सगळे सांधे कोरडे राहिले तर एक्स्चेंजर खोलायचा. ट्रकचे इंजिन अर्ध्या नाशिकला जमते. गंगापूर धरणावर बोटीचे इंजिन पोटात शिरून बरे करणारे दोनच, मी आणि छाया. हे मी फुशारकीने लिहितो आहे, आणि खरे आहे.

५. आता जे बारा वर्षे लिहिले नाही ते. मी आणि छाया तेव्हा धरणावर एका बोटमालकाकडे कामाला होतो. २०१२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या मोठ्या बोटीचे कूलंट रोज कमी होत होते. धक्क्यावर पर्यटकांची रांग होती आणि मालक घाई करत होता. पंप लावायला वेळ नव्हता, म्हणजे मी काढला नाही. मी मूळचा हायवेवरचा ट्रक मेकॅनिक. रेडिएटर गळला की मूठभर हळद टाकायची, गळती बुजते आणि गाडी मालेगाव गाठते, ही आमची जुनी रीत. तीच मूठ मी बोटीत टाकली. ट्रकला जे औषध ते बोटीला विष, कारण एक्स्चेंजरमधल्या अरुंद वाटा हळदीच्या चिखलाने तुंबल्या. मधोमध पाण्यात इंजिन तापले आणि हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, तडकले. बावीस माणसे दोर लावून ओढून आणली. जीव कोणाचा गेला नाही, हे नशीब. त्या सकाळी कूलंटच्या पाइपची क्लिप छायाने बसवली होती. मालक सर्वांदेखत म्हणाला, बाईच्या हातात पाना दिला की असेच व्हायचे. तिला कामावरून काढले. मी तिथेच उभा होतो. मी तोंड उघडले नाही. ती इगतपुरीला जनरेटरच्या कामाला लागली आणि पुन्हा बोटीला हात लावला नाही. तिची क्लिप शाबूत होती. माझ्या मृत्यूनंतर हे कलम धक्क्यावर मोठ्याने वाचून दाखवावे.

६. कलम ५ चे शेवटचे वाक्य रद्द करतो. कारण असे की, साक्षीसाठी मी बोटचालक सुनील पवार याला बोलावले. त्याने सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले. म्हणाला, "मी सही नाय करणार, तात्या. मेल्यावर सांगून काय उपयोग? तिला जित्या माणसानं सांगायला पाहिजे." मला राग आला. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी छायाला फोन करून रविवारी धक्क्यावर बोलावले.

रविवारी मालक, चालक, तिकीटवाला, सगळ्यांसमोर मी हळदीचे सांगितले. छाया म्हणाली, "त्या दिवशी एक्स्चेंजर मीच खोलला होता, तात्या. पिवळा गाळ बघितला होता. तुम्ही बोलाल, म्हणून गप्प राहिले. बारा वर्षं लागली तुम्हाला?" मालकाने तिची माफी मागितली, तीही जरा उशिरानेच. नव्या बोटीचे कूलंट कमी होत होते. ती पंप घेऊन खाली उतरली आणि वीस मिनिटांत वॉटर पंपाखालची गळती काढली. बॅटरीचा उजेड मी धरला होता. अशा हाताची मुलगी माझी आहे, हे या कागदावर कायम राहावे.

दुकान चालवायचे की विकायचे, हे छायाने ठरवावे. कोणीही तिला शहाणपणा शिकवू नये.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, पटले.

ठिकाण : नाशिक
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सही : निवृत्ती धोंडीराम गांगुर्डे

साक्षीदार :

१. डॉ. देवव्रत काळे. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली.

२. सुनील पवार, बोटचालक. तात्यांनी माझ्यासमोर सही केली. इंजिन तापले त्या दिवशी बोट मी चालवत होतो. हळदीची पुडी मी पाहिली होती. मीपण बोललो नाही.