पोवळ्यांची पोटपूजा

३ मार्च

एबरहार्टला गाडीत बसवून आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता तीन आठवडे डोंगरातल्या आरोग्यधामात. चिखलाचे लेप, गरम पाण्यात डुंबणं, सगळं विम्याच्या खर्चाने. निघताना त्याने दोन मिठ्या मारल्या. एक मला, एक बैठकीतल्या टाकीला! खोटं नाही सांगत — दोन्ही हात पसरून काचेला गाल लावला.

टाकी म्हणजे सहाशे लिटर खारं पाणी, चार मासे, एक कोळंबी आणि त्याची लाडकी पोवळी. वरून मऊ, आत दगडाचं हाड. मधोमध ते मेंदूसारखं, वळ्यावळ्यांचं, ताटलीएवढं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आणलं. मी कानातलं मागितलं होतं.

फ्रिजवर सूचनांचा कागद, प्लास्टिकमध्ये मढवून. अठ्ठावीस कलमं! शेवटचं ठळक अक्षरात: ‘माशांना चिमूटभर. पोवळ्यांना काहीही घालू नये. पाणी खराब होतं. पोवळी उजेडावर जगतात.’

५ मार्च

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला फोन.

“पाणी तपासलंस? नायट्रेट?”

“शून्य.”

“फॉस्फेट?”

“शून्य.”

“शाबास! चुन्याची निवळी घातलीस ना? त्यांच्या हाडांना लागते ती.”

घातली. माझ्या हाडांचं कोणी विचारलं नाही.

९ मार्च

या आठवड्यात जिना धुण्याची पाळी आमची. दारावर पाटी लटकली की सुटका नाही. वरच्या हेफेलेबाई कठड्यावरून बोट फिरवून बघतात, वर बोटाचा वासही घेतात. धुतला. हात चालूच होता, म्हणून टाकीही घासली. दगड ब्रशने, गाळणी नवी, पाणी दोनदा बदललं. आम्ही दक्षिण जर्मनीतली, श्वाबेनची माणसं — घरात कोणी मेलं तरी आधी पायऱ्या पुसू, मग रडू.

१२ मार्च

मेंदूचा रंग उतरलाय! हिरवा-लाल होता, आता धुऊन धुऊन विटलेल्या रुमालासारखा. एका कडेला मांस आक्रसलंय आणि नखभर पांढरं हाड उघडं पडलंय. फांद्यांचं पोवळंही फिक्कं.

फोनवर म्हटलं, “सगळं झकास.” अडतीस वर्षांतली पहिली थाप. बरं, दुसरी.

घाबरलेय मी. उद्या मी मेले तर हा माणूस महिन्याभरात सावरेल. पण माझ्या हातून हे मेलं, तर उरलेला सगळा जन्म रोज सहाच्या ठोक्याला ऐकावं लागेल.

१४ मार्च

कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानात सॉसेज घेताना मालकांना, नेगेलेंना विचारलं. ते पोवळेवाल्यांच्या क्लबाचे अध्यक्ष. ॲप्रन न काढता तसेच आले. टाकीसमोर उभे राहून बराच वेळ नाकातून सूंसूं करत राहिले.

“राइबलेबाई, ही टाकी आहे की ऑपरेशन थिएटर?”

“एबरहार्ट म्हणतो, स्वच्छता—”

“स्वच्छता जिन्यावर ठेवा! अहो, जनावर आहे ते. खाटकाचं ऐका. तोंड आहे, पोट आहे. उजेडाने अर्धं पोट भरतं, बाकीचं पाण्यातून मिळायला हवं. तेवढंही तुम्ही दोघं मिळून घासून टाकता.”

“आधी तर छान होतं.”

“आधी तुमच्या नवऱ्याला नोकरी होती. टाकी घाण असायची. बिचारी सुखात होती!”

खरंच की. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि हात रिकामे झाले.

“मग क्लबात सांगितलं नाहीत त्याला?”

“अकरा वेळा. इतिवृत्तात नोंद आहे.”

१५ मार्च

कलम अठ्ठावीस मोडलं.

पंप बंद. बर्फातली कोळंबी वितळवली, धुतली, मसुराएवढे तुकडे केले. लांब चिमट्याने एक मेंदूवर ठेवला. काही नाही. दुसरा ठेवला. एवढ्यात टाकीतली कोळंबी आली आणि आपल्याच जातभाईचा तुकडा ढापून पळाली! लाज नाही, शरम नाही.

नेगेलेंना फोन केला. म्हणाले, “प्लास्टिकची बाटली अर्धी कापा, मेंदूवर उपडी घाला.” घातली. चोर बाहेर येरझारा घालतोय, आत तुकडा पडलाय. मी स्टुलावर, गुडघ्यात कळा. दहाएक मिनिटांनी वळ्यांच्या मधून बारीक बोटं बाहेर आली. मग एक फट उघडली. तुकडा हळूहळू आत गेला.

मी टाळ्या वाजवल्या! एकटीने, बैठकीत, चौसष्टाव्या वर्षी.

१८ मार्च

अतिशहाणपणा केला. सगळ्यांना मूठभर घातलं. पाणी पिठल्यासारखं गढूळ. नेगेले ओरडले, “भूक भागवा हो, लग्नाची पंगत नका घालू!” आठवड्यातून दोनदा, एकेक तुकडा. बस्स.

२३ मार्च

आरोग्यधामातल्या डॉक्टरांनी तीन आठवडे वाढवले म्हणे. गुडघा नीट वाकत नाही. बिचारा! मी वाईट वाटल्यासारखा आवाज काढला. फोन ठेवल्या ठेवल्या फ्रिजवरचा कागद काढला आणि त्याच्यावर कोळंबी कापली. प्लास्टिकमध्ये मढवलेला — उत्तम पाट आहे.

२ एप्रिल

काचेवर थोडं शेवाळ. पुसलं नाही. हात शिवशिवत होते, ते पाठीमागे बांधून उभी राहिले.

नायट्रेट पाच. एबरहार्टला शून्य सांगितलं. त्याने पुढचं विचारलंच नाही. “तू बघतेस ना, मग झालं,” म्हणाला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा! मला भरूनच आलं.

११ एप्रिल

मेंदू फुगलाय! वळ्या टरारल्यात, मधे हिरवा परत आला. उघड्या हाडाच्या कडेवर नवं मांस चढतंय, कागदासारखं पातळ. हेफेलेबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी काचेवरच्या शेवाळाकडे बोट दाखवलं. त्यांना म्हटलं, “ते तसंच असतं.” त्या गेल्या त्या पायऱ्यांवर पुटपुटतच.

आता पंप थांबला की तुकडा यायच्या आधीच बोटं बाहेर काढून बसतात सगळी. नेगेले म्हणतात, पाण्यातला वास. मी म्हणते, मला ओळखतात. मसूर आणि नूडल्सचं ताट घेऊन मीही तिथेच बसते हल्ली. एकत्र जेवतो.

१३ एप्रिल

आणखी तीन आठवडे वाढवले. आता विमा देत नाही, स्वतःच्या खर्चाने राहतोय. हा माणूस, जो कॉफी गाळायचा कागद दोनदा वापरतो! गुडघा फारच दुखत असणार.

फोन आता दोन दिवसांआड येतो. हसतो मात्र खूप. हवा मानवली.

२८ एप्रिल

तो आला की सगळं खरं सांगायचं ठरवलंय. पाया पडून सांगेन, पण घासू देणार नाही. आधी चिडेल. मग मेंदू बघेल. मग कदाचित म्हणेल, “हेडी, तुला कसं कळलं?” ते वाक्य मला ऐकायचंय. वेडेपणा आहे, पण ऐकायचंय.

४ मे

शुक्रवारी येणार. केस कापून आले. टाकीची काच पुढून पुसली, मागून नाही.

६ मे

नाही येणार. आज नाही, कधीच नाही. चिखलाच्या लेपात शेजारी एक रोझविटा होती. पहिल्या आठवड्यापासून. टाकी न्यायला शनिवारी माणसं पाठवतो म्हणाला, तिच्या बैठकीत मोठी भिंत आहे. दुपारभर रडले. मग पंप बंद केला आणि कोळंबी कापायला घेतली. शनिवारी माणसं आली की त्याचे शर्ट देईन, बूट देईन, पलंगसुद्धा देईन. पोवळी माझ्या हातचं खातात.